चित्रात लपलेली चिठ्ठी

'च'ची भाषा आपण सगळेच लहानपणी बोललेलो आहोत. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी टाकायचे आणि त्याच्या जागी 'च' लावायचा. 'मराठी'चे होते 'चराठीम'. मधल्या सुट्टीत दोन मुली या भाषेत बोलू लागल्या की इतरांना काही कळत नाही. पण एक गोष्ट मात्र सर्वांना कळते, ती म्हणजे या दोघींचे काहीतरी गुपित चालले आहे! मग बाकीची मुले कान टवकारतात आणि चार दिवसांत ती भाषा साऱ्या वर्गाला येऊ लागते.

नेत्रपल्लवीचे तसे नाही. भरल्या घरात एकाने दुसऱ्याकडे पाहून पापणी किंचित मिटली, तर तिसऱ्याला निरोप कळत नाही, इतकेच नव्हे, निरोप दिला गेला हेही कळत नाही.

निरोप गुप्त ठेवण्याचे हे दोन अगदी वेगळे मार्ग आहेत. पहिल्यात निरोप दिसतो, पण वाचता येत नाही. याला कूटलेखन म्हणू. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांच्या यादीत 'म्लेच्छितविकल्प' नावाची जी कला आहे ती याच जातीची. दुसऱ्यात निरोप असल्याचाच पत्ता लागत नाही. याला 'स्टेगॅनोग्राफी' असे नाव आहे. ग्रीक भाषेत 'स्टेगॅनोस' म्हणजे झाकलेले आणि 'ग्राफेन' म्हणजे लिहिणे. आपण त्याला 'झाकलेले लेखन' म्हणू.

झाकलेल्या लेखनाची एक जुनी गोष्ट ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने सांगितली आहे. त्या काळी लाकडी पाटीवर मेणाचा थर देऊन त्यावर टोकदार काडीने लिहीत. पर्शियाचा राजा झर्क्सिस ग्रीसवर स्वारी करणार असल्याची बातमी त्याच्या दरबारी राहणाऱ्या डेमॅरेटस या स्पार्टाच्या माजी राजाला आपल्या लोकांना कळवायची होती. त्याने पाटीवरचे मेण खरवडून काढले, निरोप खालच्या लाकडावर लिहिला आणि त्यावर पुन्हा मेण ओतले. वाटेतल्या पहारेकऱ्यांना दिसली ती कोरी पाटी. स्पार्टामध्येही ती पाहून सारे बुचकळ्यात पडले. शेवटी लिओनिडास राजाची पत्नी गोर्गो हिने मेण खरवडून पाहा असे सुचवले. ही स्वारी झाली इ. स. पूर्व ४८० मध्ये.

आज त्या पाटीची जागा संगणकातील चित्राने घेतली आहे. मेण कोणते, लाकूड कोणते, ते आता पाहू.

चित्र म्हणजे आकड्यांची रांग

संगणकावरील छायाचित्र खूप मोठे करून पाहिले तर ते बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनलेले दिसते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलसाठी संगणक तीन संख्या लिहून ठेवतो. त्यात तांबडा किती, हिरवा किती आणि निळा किती. प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. तिन्ही ० असतील तर ठिपका काळा, तिन्ही २५५ असतील तर पांढरा.

२५५ हीच मर्यादा का? संगणक संख्या द्विमान पद्धतीत लिहितो. आपल्या दशमान पद्धतीत एकक, दहम्, शतम् अशी स्थाने असतात. द्विमान पद्धतीत उजवीकडून १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ अशी स्थाने असतात आणि प्रत्येक स्थानी ० किंवा १ एवढेच येऊ शकते. अशा एका स्थानाला बिट आणि आठ बिटांच्या गटाला बाइट म्हणतात. आठही स्थानी १ असेल तर बेरीज होते २५५.

आता मुख्य मुद्दा. २०० ही संख्या द्विमान पद्धतीत ११००१००० अशी लिहितात. तिच्यातला सर्वांत डावीकडचा बिट बदलून ० केला तर संख्या एकदम ७२ होते आणि रंग पार बदलतो. पण सर्वांत उजवीकडचा बिट बदलला तर २०० चे २०१ होतात, एवढेच. २०० एवढा तांबडा आणि २०१ एवढा तांबडा यांतला फरक आपल्या डोळ्याला कळत नाही. किंबहुना कॅमेऱ्याने त्याच दृश्याचे लागोपाठ दोन फोटो काढले तरी या शेवटच्या बिटांत आपोआप फरक पडतो, कारण प्रकाश मोजण्यात थोडी फार गडबड होतेच.

म्हणजे प्रत्येक संख्येत एक बिट असा आहे की त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. तेच आपले लाकूड. वरचे सात बिट हे मेण.

'क' कसा लपतो?

संगणकात देवनागरी अक्षरे साठवण्यासाठी युनिकोड वापरतात. त्याच्या सर्वांत रूढ पद्धतीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'क'चे तीन बाइट आहेत २२४, १६४ आणि १४९. तीन बाइट म्हणजे २४ बिट. एका पिक्सेलमध्ये तीन संख्या, म्हणजे तीन मोकळे बिट. तेव्हा 'क' हे एक अक्षर लपवायला बरोबर आठ पिक्सेल पुरतात.

त्यातला पहिला बाइट, २२४, लपवून पाहू. त्याचे द्विमान रूप आहे १११०००००. चित्रातल्या लागोपाठच्या आठ संख्या अशा आहेत असे धरू:

१५४, १५५, १५३, १५०, १५१, १४८, १४९, १५०

शेवटचा बिट १ असेल तर संख्या विषम असते, ० असेल तर सम. म्हणून आपल्याला पहिल्या तीन संख्या विषम आणि उरलेल्या पाच सम करायच्या आहेत. जी संख्या आधीच तशी आहे तिला हात लावायचा नाही. बाकीच्या एकाने वाढवायच्या किंवा कमी करायच्या:

१५५, १५५, १५३, १५०, १५०, १४८, १४८, १५०

आठांपैकी तीनच संख्या बदलाव्या लागल्या. सरासरीने निम्म्या संख्या हव्या तशाच मिळतात. वाचणाऱ्याने फक्त सम-विषम पाहत जायचे, की निरोप हाती आला.

अशा किती चिठ्ठ्या एका चित्रात मावतील? ६४० गुणिले ४८० पिक्सेलचे साधे चित्र घ्या. ३,०७,२०० पिक्सेल, म्हणून ९,२१,६०० संख्या आणि तितकेच मोकळे बिट. आठाने भागले की १,१५,२०० बाइट. म्हणजे देवनागरीची ३८,४०० चिन्हे! हा अख्खा लेख त्यात दोनदा तरी मावेल. आणि साध्या बिटमॅप प्रकारच्या फाइलचा आकार एका बाइटनेही वाढणार नाही, कारण आपण काही नवीन भरले नाही, होते तेच बदलले.

संगणक नसला तरी चालेल

हा प्रयोग वर्गात चौकटीच्या वहीवरही करता येतो. फळ्यावर ६ × ६ चौकटी आखा आणि प्रत्येक चौकटीत ० (काळा) ते २५५ (पांढरा) यांपैकी एक संख्या लिहून एखाद्या मडक्याची ढोबळ छायाकृती तयार करा. मग अक्षरांचा तक्ता बनवा: क = १, ख = २ असे क्रमाने देत गेले की म = २५, ल = २८ येतो. सहा बिटांत ६३ पर्यंतचे क्रमांक बसतात, त्यामुळे स्वर आणि काना-मात्रांनाही जागा उरते.

आता 'कमल' हा शब्द पाठवायचा आहे. क म्हणजे ०००००१, म म्हणजे ०११००१, ल म्हणजे ०१११००. मुलांनी पहिल्या अठरा चौकटींतील संख्या या क्रमाने सम किंवा विषम कराव्यात आणि कागद दुसऱ्या गटाकडे पाठवावा. तिसरा गट पहारेकऱ्यांचा. त्यांच्या हाती काही मूळ आणि काही निरोप भरलेली चित्रे द्या आणि कोणत्या चित्रात निरोप आहे ते ओळखायला सांगा. संख्यांकडे नुसते पाहून ते जमत नाही. मग त्यांना एका चित्राची मूळ प्रतही द्या. दोन्ही शेजारी ठेवताच गुपित उघडे पडते.

यातून मुले स्वतःच एक नियम काढतील: ज्या चित्रात निरोप लपवला त्याची मूळ प्रत कोणाच्या हाती लागता कामा नये. म्हणूनच पुस्तकातले, वर्तमानपत्रातले किंवा इंटरनेटवर सर्वांना मिळणारे चित्र या कामाला निरुपयोगी.

एका ओळीची आज्ञा

प्रत्यक्षात लाखो संख्या हाताने कोण बदलणार? त्यासाठी प्रोग्रॅम आहेत. त्यांपैकी एक सुप्रसिद्ध आणि फुकट मिळणारा म्हणजे स्टेफान हेट्झल यांनी लिहिलेला 'स्टेगहाइड'. त्याची ०.५.१ ही आवृत्ती २००३ सालची आहे. त्यात बटणे नाहीत, खिडक्या नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची असते. यंत्रावर ती रोमन अक्षरांत लिहितात, येथे उच्चाराप्रमाणे देतो:

स्टेगहाइड एम्बेड -सीएफ बाग.जेपीजी -ईएफ निरोप.टीएक्सटी

'एम्बेड' म्हणजे आत बसव. 'सीएफ' पुढे आवरणाची, म्हणजे चित्राची फाइल. 'ईएफ' पुढे लपवायची फाइल. यानंतर प्रोग्रॅम परवलीचा शब्द दोनदा विचारतो आणि काम संपवतो. एक सावधगिरी बाळगावी: नवीन फाइलचे नाव वेगळे दिले नाही तर तो मूळ चित्रातच बदल करतो. निरोप काढायचा असेल तर 'एक्स्ट्रॅक्ट', आणि चित्रात किती मजकूर मावेल हे पाहायचे असेल तर 'इन्फो' अशी आज्ञा द्यावी लागते.

या एका ओळीमागे चार कामे होतात. आधी मजकूर आवळून लहान केला जातो. मग तो कूटलेखनाने कुलूपबंद होतो. म्हणजे झाकलेले लेखन आणि कूटलेखन हे दोन्ही मार्ग येथे एकत्र येतात. त्यानंतर बिट पहिल्या पिक्सेलपासून ओळीने न लपवता, परवलीच्या शब्दावरून ठरणाऱ्या विखुरलेल्या जागी लपवले जातात. आणि शेवटचे काम सर्वांत मजेदार आहे, पण त्याआधी पहारेकऱ्याची बाजू पाहावी लागेल.

पहारेकऱ्याची खानेसुमारी

१९८३ साली गुस्टावस सिमन्स या अमेरिकन गणितज्ञाने हा प्रश्न एका कल्पित तुरुंगाच्या रूपाने मांडला. दोन कैद्यांना पळून जाण्याचा बेत आखायचा आहे. ते एकमेकांना पत्रे लिहू शकतात, पण प्रत्येक पत्र तुरुंगाधिकारी वाचतो. त्याला कूटलेखनाचा नुसता संशय आला तरी पत्रव्यवहार बंद. अशा वेळी काय करायचे? यातला पराभव लक्षात घ्या. तुरुंगाधिकाऱ्याला निरोप वाचता येण्याची गरजच नाही. निरोप आहे एवढे कळले की तो जिंकला.

१९९९ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथील आंद्रेआस वेस्टफेल्ड आणि आंद्रेआस फित्झमान यांनी तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती एक चांगले हत्यार दिले. कल्पना सोपी आहे. चित्रातील संख्यांची खानेसुमारी करा: १५० किती वेळा आली, १५१ किती वेळा आली. नैसर्गिक चित्रात या दोन संख्या सहसा सारख्या नसतात. समजा, १५० आली ९०० वेळा आणि १५१ आली ५०० वेळा. आता सर्व ठिकाणी शेवटचे बिट निरोपाप्रमाणे बदलले तर १५० ची १५१ होऊ शकते आणि १५१ ची १५०, पण ही जोडी सोडून बाहेर कोणी जात नाही. कूटलेखन केलेल्या निरोपात ० आणि १ जवळजवळ सारखेच असतात. म्हणून शेवटी दोन्ही संख्या सुमारे ७०० वेळा येतात. १५२-१५३, १५४-१५५ अशा सगळ्याच जोड्या समसमान झालेल्या दिसल्या की समजावे, पाणी मुरते आहे. डोळ्याला काही दिसत नाही, पण मोजणीला दिसते.

स्टेगहाइडचे शेवटचे काम हे या हत्याराला उत्तर आहे. एका ठिकाणी १५० आहे पण तेथे १५१ हवी. दुसऱ्या ठिकाणी १५१ आहे पण तेथे १५० हवी. मग दोघींची अदलाबदल करा! दोन्ही बिट हवे तसे झाले आणि खानेसुमारी होती तशीच राहिली. प्रोग्रॅम अशा जास्तीत जास्त जोड्या शोधतो. ज्यांना जोडीदार मिळत नाही तेवढ्याच संख्या प्रत्यक्ष बदलतो.

जेपेगची अडचण

आपल्या फोनमधले फोटो बहुधा जेपेग प्रकारचे असतात. त्यांत पिक्सेलचे आकडे जसेच्या तसे साठवलेले नसतात. चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यात रंग हळूहळू किती बदलतो आणि झपाट्याने किती बदलतो याचे ६४ आकडे काढले जातात. त्यांपैकी डोळ्याला न जाणवणारे आकडे ढोबळ करून टाकतात, म्हणून फाइल लहान होते. म्हणजे आपण ज्या शेवटच्या बिटावर विसंबलो, नेमका त्याचाच बळी जातो. बिटमॅपमध्ये लपवलेली चिठ्ठी चित्र जेपेग करताच नाहीशी होते. म्हणून जेपेगसाठी स्टेगहाइड पिक्सेलना हात न लावता या ढोबळ केलेल्या आकड्यांत निरोप लपवतो. तरीही अनेक निरोप-सेवा फोटो पाठवताना तो पुन्हा आवळतात, आणि मग तोही निरोप पुसला जातो.

अफवा कशी तपासावी?

२००१ साली अमेरिकेत बातम्या झळकल्या की दहशतवादी इंटरनेटवरील चित्रांत निरोप लपवून पाठवत आहेत. हे खरे का? नील्स प्रोव्हॉस आणि पीटर हनीमन या मिशिगन विद्यापीठातील दोघांनी वाद न घालता मोजायचे ठरवले. त्यांनी ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावरील २० लाखांहून अधिक चित्रे उतरवून घेतली आणि खानेसुमारीसारख्या चाचण्या लावल्या. शंभरांत सुमारे एक चित्र संशयित ठरले.

येथे थांबून विचार करायला हवा. २० लाखांतील एक टक्का म्हणजे २० हजार चित्रे! एवढ्यावरच बातमी दिली असती तर केवढी खळबळ माजली असती. पण चाचणी कधीकधी निर्दोष चित्रावरही बोट ठेवते. म्हणून त्यांनी संशयित चित्रांवर परवलीच्या शब्दांची भली मोठी यादी चालवून निरोप बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. एकही निरोप सापडला नाही. यावरून निरोप कधीच नव्हते असे सिद्ध होत नाही. पण बातम्यांना पुरावा मिळाला नाही हे नक्की. संशय आणि पुरावा यांतला हा फरक विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखा आहे.

याचा अर्थ कोणी ही युक्ती वापरतच नाही असाही नाही. जून २०१० मध्ये अमेरिकेत दहा रशियन हेर पकडले गेले. सर्वांना उघड दिसणाऱ्या संकेतस्थळांवरील चित्रांत ते मजकूर लपवत होते. ते उघडकीला कसे आले? कोणत्याही चाचणीने नव्हे. घराच्या गुप्त झडतीत त्यांचा लांबलचक परवलीचा शब्द एका कागदावर लिहिलेला सापडला!

गुपित कशात असते?

१८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने एक तत्त्व सांगितले: पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी गुपित सुरक्षित राहिले पाहिजे, राखायची ती फक्त किल्ली. कुलूप कसे चालते हे सर्व जगाला माहीत असते, तरी ते उपयोगी पडते ते याचमुळे.

स्टेगहाइडलाही ही कसोटी लावली गेली. परवलीच्या शब्दावरून लपवण्याच्या जागा ठरतात हे वर पाहिले. पण त्यासाठी तो फक्त ३२ बिटांची एक मधली संख्या वापरतो, म्हणजे शक्यता सुमारे ४२९ कोटी. माणसाला ही संख्या अफाट वाटते. आजच्या संगणकाला नाही. सगळ्या शक्यता तपासून, परवलीचा शब्द माहीत नसतानाही, चित्रात काही दडले आहे का हे सांगता येते. ही त्रुटी २०२१ मध्ये नोंदवली गेली. सिमन्सच्या तुरुंगात हे कैद्यांचे हरणेच झाले. आत काय लिहिले आहे हे मात्र परवलीचा शब्द भक्कम असेल तर तरीही कळत नाही. तो साधा असेल तर काही खरे नाही: २००९ साली एका संकेतस्थळावरून फुटलेले सुमारे १ कोटी ४० लाख परवलीचे शब्द स्टेगहाइडच्या चित्रावर काही सेकंदांत लावून पाहता येतात. त्यात मुलांचे वाढदिवस, लाडकी नावे, १२३४५६ हे सारे आहे.

हे मुलांना शिकवावे का?

काही शिक्षक म्हणतील, अशा युक्त्या मुलांना कशाला सांगायच्या? आम्हाला वाटते, सांगाव्यात. पत्रे वाचणारा तुरुंगाधिकारी काही ठिकाणी खराच असतो, आणि तेथे पत्रकाराला किंवा साक्षीदाराला आपली बातमी पोहोचवण्यासाठी अशा मार्गांचा आधार लागू शकतो. उलट बाजूला, उपद्रवी प्रोग्रॅमचे तुकडे चित्रांत दडवून पाठवण्याचे प्रकारही झालेले आहेत. एकच हत्यार दोन्ही हातांत असते. ते ओळखता न येणे हाच खरा धोका.

आणि आपल्या रोजच्या व्यवहाराशीही याचा संबंध आहे. फोनमध्ये ठिकाण नोंदवण्याची सोय चालू असेल तर आपण काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि जागेचे अक्षांश-रेखांश लिहिले जातात. ही चिठ्ठी कोणी मुद्दाम लपवलेली नसते, ती काढायला परवलीचा शब्दही लागत नाही, पण चित्र पाहणाऱ्याला ती दिसत नाही. घराच्या अंगणात काढलेला फोटो मूळ फाइलसह कोणाला पाठवला तर आपण घराचा पत्ताही पाठवलेला असू शकतो.

तेव्हा वर्गात आणखी एक काम द्यावे. प्रत्येकाने आपल्या घरच्या फोनवर एका फोटोचा 'तपशील' उघडून त्यात काय काय नोंदलेले आहे त्याची यादी वहीत करावी, आणि फोटो दुसऱ्याला देण्यापूर्वी त्यातली कोणती नोंद काढून टाकावीशी वाटते ते कारणासह लिहावे. याद्या वाचून झाल्या की फोनमध्ये ठिकाणाची नोंद कोठून बंद करतात तेही दाखवावे.